साडूंची वळणं

माझ्या साडूंइतका सावकाश माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतक्या झपाट्याने मोटार वळवणारा माणूस तर सातपुड्याच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाविषयी आहेत हे पटायला मला लग्नानंतर बरीच वर्षं लागली. साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अकोल्याच्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळं गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणतं. फोन केला तर पहिली घंटा पूर्ण वाजून बंद पडते, दुसरी संपत येते, तेव्हा पलीकडून ‘बोला’ येतं. तेही आधी एक उसासा टाकून. लग्नात ते जेवायला बसले की त्यांच्या दोन्ही बाजूंची माणसं बदलतात आणि हे तिथेच असतात. माझ्या मेहुण्याच्या लग्नात वाढप्याने त्यांचं ताट उचलायला हात घातला, तेव्हा साडू त्याचा हात हळूच बाजूला करून म्हणाले, “अबे थांब जरा. आत्ता कुठं वरनाची वळख होऊन राहिली.” मागून तिसरी पंगत बसली होती.

अशा माणसाकडे एक छोटी, पांढरी, पाच दारांची मोटार होती. अकोल्यात तशा शेकड्याने सापडतील. ती घेऊन ते सरळ रस्त्याला लागले की त्यांच्या स्वभावाप्रमाणेच जायचे. अमरावती-अकोला हमरस्त्यावर पन्नासच्या पुढे काटा गेलेला मी पाहिला नाही. ट्रक जायचे, एसटी जायची, एकदा तर बोरगाव मंजूच्या पुढे कापसाने भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला आणि वर बसलेल्या दोन बायांनी आमच्याकडे दयेने पाहिलं. मी लाजून खिडकीबाहेर बघायला लागलो. साडू मात्र शांत. “सरय रस्त्यावर काय, साडूभाऊ,” ते म्हणाले, “सोडून देलं त धोंडाबी पयते.” आणि मग वळण आलं. ट्रॅक्टरने वेग कमी केला, पुढच्या ट्रकने कमी केला. आमची गाडी त्याच पन्नासावर, एखादी रेघ ओढावी तशी वळणातून निघून गेली. मी दाराला धरायला हात उचलला होता, तो तसाच हवेत राहिला, कारण धरण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

वळणाला ते अस्सल वऱ्हाडी ‘वयन’ म्हणत. त्यांच्या आयुष्यातलं एकच दुःख असं की आमच्या भागात वयनं फार कमी. हा सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख. रस्ते आखणाऱ्याने पट्टी ठेवली, पेन्सिल ओढली आणि घरी जेवायला गेला, असं ते हळहळून सांगायचे. जी काही थोडी वळणं वाट्याला आली होती, त्यांना त्यांनी नातलगांची नावं दिली होती. अंजनगावच्या अलीकडे एक वळण आहे, लांबून अगदी सोपं दिसतं आणि मध्येच आवळत जातं. त्याचं नाव ‘थोरले जिजाजी’. एक वळण सुटलं सुटलं म्हणता पुन्हा सुरू होतं, ती त्यांची आत्या. अकोट रस्त्यावरच्या एका वळणाला त्यांनी माझं नाव दिलं आहे हे मला ताईंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून कळलं. मी मनातून जरा फुगलो आणि कारण विचारलं. साडू बराच वेळ विचार करून म्हणाले, “ते सुरवातीले उगाच घाबरवते. पाटीबिटी लावली हाय सरकारनं. मंग आत जाऊन पाहा त काहीच नसते.”

गाडीवर त्यांनी काय काय केलं होतं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि चाकाला हवा कुठून भरतात एवढंच माझं ज्ञान. पण मूळच्या स्प्रिंगा काढून त्यांनी आखूड आणि टणक स्प्रिंगा घातल्या होत्या. शॉकअप बदलले होते. पुढच्या दोन चाकांना जोडणारा मनगटाएवढा दांडा बसवला होता, म्हणजे वळणात एका बाजूला गाडी कलू लागली की दुसरी बाजू तिला आवरून धरते. टायर रुंद होते. हे सगळं करणारा अकोल्यातला मेकॅनिक म्हणजे साडूंचा जिवलग. त्याला ते उस्ताद म्हणत, आणि तो यांना मास्तर म्हणे. दर रविवारी सकाळी दोघं गाडीखाली शेजारी-शेजारी झोपून बोलत असत. बाहेरून फक्त चार पाय दिसायचे. काम पुरं झालं त्या दिवशी उस्ताद हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, “मास्तर, अब ये गाडी टूटेगी, मगर झुकेगी नई.” साडू म्हणाले, “टुटू बी नको देऊ बापा, आतमंदी मास्तरीन बसते.”

मास्तरीण, म्हणजे ताई, कायम मागे बसायची. उशी पाठीशी, पदर तोंडाशी आणि डोळे घट्ट मिटलेले. नवऱ्याच्या या कलेबद्दल तिने कौतुकाचा एक शब्द कधी काढला नाही. तिची तक्रार वेगळीच होती. त्या टणक स्प्रिंगांमुळे सरळ रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट माणसाच्या कमरेशी बोलायचा. “रस्त्यात बिडीचं थोटूक पडलं असन त तेबी मले समजते,” ती म्हणायची. एका दिवाळीला आमच्या हिने अमरावतीहून करंज्या बांधून दिल्या होत्या. अकोल्याहून रात्री ताईंचा फोन आला की डबा उघडला तेव्हा एका बाजूला सारण होतं आणि एका बाजूला पाऱ्या होत्या, करंजी अशी एकही नव्हती.

या सगळ्याची मी टिंगल करत असे, आणि ती कायमची बंद झाली चिखलदऱ्याच्या घाटात. पाचसहा वर्षांपूर्वी आम्ही दोन्ही जोडपी निघालो. परतवाडा सोडलं आणि घाट लागला. साडू सीटवर जरासे ताठ बसले आणि माझ्या शेजारी एक वेगळाच माणूस आहे असं मला वाटू लागलं. वर्गात फळ्यावर हाताने, कर्कटक न घेता, ते पूर्ण गोल काढत असं मी ऐकलं होतं. तो गोल मी त्या दिवशी पाहिला. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक. मग गिअर एक खाली. मग स्टिअरिंग एकदाच वळायचं आणि वळण संपेपर्यंत जिथल्या तिथे राहायचं. मी वळण घेतो तेव्हा चार वेळा इकडे आणि तीन वेळा तिकडे करतो, आणि शेवटी देवाचं नाव. इथे गाडी कलत नव्हती, चाकं ओरडत नव्हती. डोंगरच आमच्याभोवती फिरून बाजूला होत होता. जिथे मी वीसवर येतो तिथे काटा पंचेचाळीसवर होता, आणि माझ्या छातीत भीती नव्हती. कुणी मोठा गवई समेवर येताना आपण श्वास धरतो, तसं काहीतरी होत होतं.

“तुमी रस्त्याकडे पाहूनच नाई राहिले,” मी कसाबसा म्हणालो. खरंच, ते बॉनेटच्या पुढे बघतच नव्हते. मान वळवून लांब, वळण जिथे सुटतं तिथे बघत होते.

“डोये जिकडं जातात तिकडं गाडी जाते, साडूभाऊ. खड्ड्याकडे पाह्यलं त खड्ड्यात जान.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक वयनाच्या आधी. वयनात शिरून ब्रेक मारनं म्हंजे मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवानं इचार करनं.”

आणि तरीही, जिथे पुढचं काही दिसत नव्हतं अशा प्रत्येक वळणावर ते हॉर्न देऊन एकदम हळू व्हायचे, अगदी पंगतीतल्यासारखे. आपली बाजू त्यांनी एकदाही सोडली नाही. मी विचारलं तर म्हणाले, “दिसत नाई तिथं शूर व्हाचं नाई.” सरळ रस्त्यावर आम्हाला हॉर्न मारून पुढे गेलेली एक भलीमोठी काळी गाडी घाटात सापडली आणि मग प्रत्येक वळणाला आम्ही तिच्या मागे जाऊन उभे. साडूंनी तिला ओलांडलं नाही, हॉर्नही दिला नाही. वर चिखलदऱ्याला चहाच्या टपरीशी त्या गाडीतले गृहस्थ उतरून आले आणि आमच्या गाडीभोवती एक फेरी मारून अदबीने म्हणाले, “मास्तर दिसता तुम्ही. इंजिन कोनतं टाकलं यात?” साडू म्हणाले, “इंजिन कंपनीचंच हाय. म्या फक्त चाकं जमिनीले धरून ठेवले.” मागच्या सीटवर ताईंनी तेव्हा कुठे डोळे उघडले आणि विचारलं, “आलं का?”

मग गेल्या वर्षी ताईची कंबर गेली. सकाळी पाण्याची बादली उचलताना मणक्यातली गादी सरकली आणि ती जी खाली बसली ती उठेना. डॉक्टर अमरावतीचे, आमच्या घरापासून जवळ. दर पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं ठरलं. पहिल्या वेळेला साडू तिला त्यांच्या गाडीतून घेऊन आले. शंभर किलोमीटरचा रस्ता, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मी दार उघडलं तर ताईने पदर दातात धरलेला होता आणि त्याला चावून भोक पडलं होतं. साडू मात्र घरात आलेच नाहीत. पायरीवर बसून राहिले. हिने पाणी नेलं, ते हातातच राहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुलावर ते जोड असतात नं, साडूभाऊ. बडनेऱ्याच्या पुलावर. एकेका जोडावर मास्तरीन हुं करे. लय हळू. मले आयकू येऊ नाई म्हनून.”

दवाखान्यात तपासणी झाली. गोळ्या, पट्टा, विश्रांती, आणि अजिबात दणका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही उठलो तेव्हा साडू दारात थांबले. “डॉक्टरसाहेब, एक इचारू का?” आवाज वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलासारखा. “हे माह्या गाडीनं झालं का?” डॉक्टर भले होते. वयाचं सांगितलं, बादलीचं सांगितलं, बायका वाकून कामं करतात त्याचं सांगितलं. पण शेवटी ते खरं बोलणारेही होते. म्हणाले, “नक्की असं कुणालाच सांगता यायचं नाही.” ते वाक्य साडूंनी घरी नेलं. त्या दिवशी परतीला मी ताईसाठी दुसरी भाड्याची गाडी करून दिली. साडू आपल्या गाडीत एकटे, तिच्या मागून गेले.

पंधरा दिवसांनी मी फाटकाशी उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पांढरी गाडी दिसली आणि मला क्षणभर ती ओळखू आली नाही. ती उंच झाली होती. आमच्या गल्लीत वळताना कडब्याने भरलेल्या बंडीसारखी एका अंगावर झुकली आणि मग डुलत डुलत सरळ झाली. मी समजलो. सगळं काढून टाकलं होतं. स्प्रिंगा, शॉकअप, तो दांडा, सगळं. कंपनीने दिलेलं मऊ सामान परत घातलं होतं. ताई पुढच्या सीटवर बसली होती आणि पदर तिच्या खांद्यावर होता. उस्ताद नंतर मला अकोल्यात भेटला तेव्हा रडायचाच बाकी होता. “कितने साल लगे साहब, वो गाडी बनाने को. और मास्तर बोले, शाम तक उतार दे. मैं बोला, एक बार सोच लो. तो बोले, तू पाना देतो का मी घेऊ?”

हिवाळा गेला. ताई हळूहळू चालायला लागली, बसायला लागली. डॉक्टरांनी जपून प्रवास करायला परवानगी दिली, तेव्हा तिने एक गोष्ट मागितली. “मले चिखलदरा पाहाचं हाय.” आम्ही सगळे हसलो. इतक्या वेळा जाऊन आलीस की! “गेली असन,” ती म्हणाली, “पन पाह्यलं कुठं? डोये मिटूनच गेली नं मी.”

त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. ताई पुढे, पट्टा बांधून, मी मागे. साडू घाट असा चढत होते की जणू गाडीत ताट भरून ठेवलं आहे. त्या मऊ गाडीला वळण म्हणजे संकट. ती आधी कलते, मग विचार करते, मग वळते. पण साडू तिला आधीपासून, नकळत, एकेक बोटभर कलवत नेत, आणि तशीच अलगद उभी करत. ताई डोळे उघडे ठेवून दरी बघत होती. “अय्या, इतकं खोल हाय का हे!” असं लहान मुलीसारखं म्हणत होती.

उजवीकडे डोंगर, डावीकडे मुरमाची अरुंद पट्टी, कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. वळण उजवीकडे जाणारं, पुढचं काही दिसत नाही. साडूंनी हॉर्न दिला, वेग कमी केला, आत शिरले, आणि डोंगराआडून एसटी आली, आणि एसटीला ओलांडत, सगळाच्या सगळा आमच्या बाजूला, एक जीप. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. ब्रेक लागला नाही. स्टिअरिंग किंचित सैल झालं, गाडी डांबर सोडून मुरमावर उतरली, दरीच्या अंगाला कलली, आणखी कलली, आणि कठडा इतक्या जवळून सरकला की दगडांवरचं वाळलेलं शेवाळ मला दिसलं. उजव्या खिडकीतून जीपचं दार गेलं, त्यातला एक घाबरलेला चेहरा गेला. मग गाडी परत डांबरावर आली आणि उभी राहिली नाही, तशीच वळण पुरं करून सरळ झाली. या सगळ्यात एकही धक्का नव्हता. साडूंची नजर जीपवर नव्हती, कठड्यावरही नव्हती. ती पलीकडे होती, जिथून आम्हाला बाहेर पडायचं होतं.

ताई दरीकडेच बघत होती. “काय झालं जी?” तिने सहज विचारलं.

“काही नाई. वयन होतं,” साडू म्हणाले.

पुढे मोकळी जागा पाहून त्यांनी गाडी थांबवली. पाणी प्यायले. मग बाटलीला झाकण लावायला लागले आणि ते लागेना. आटा सापडत नव्हता. जन्मभर हाताने पूर्ण गोल काढणारा माणूस, आणि त्याला ते एवढंसं निळं झाकण बाटलीच्या तोंडावर सरळ बसवता येत नव्हतं. मी मागून हात पुढे करून बाटली घेतली.

वर पोचल्यावर आम्ही तिथेच पिकणारी कॉफी घेतली. साडू चाकात मुरूम अडकला का ते बघायला खाली वाकले होते. मी ताईला हलक्या आवाजात म्हणालो, “बरं झालं तुम्ही दरीकडे बघत होता.” ताईने कपातल्या कॉफीवर फुंकर घातली. “भाऊजी, मले सगळं दिसलं. जीप दिसली, तो गोटाबी दिसला कठड्याचा. माह्याच बाजूनं होता नं तो.” ती म्हणाली, “मी वरडली असती त त्यायचा हात हालला असता. म्हनून दरीकडे तोंड केलं.” मग कप खाली ठेवत बजावलं, “त्यायले सांगू नका. त्यायले वाटून राहिलं की मले समजलंच नाई. तसंच राहू द्या.” मी आजवर सांगितलेलं नाही. गाडी चालवण्यातलं श्रेष्ठ काय ते त्या घाटात एकट्या साडूंनी मला दाखवलं असं मी समजत होतो. तिथे दोघं होते.

ते काढलेलं सामान वर्षभर उस्तादच्या दुकानात एका खुंटीवर लटकत होतं. ताई आता बरी आहे, एकदोनदा तिने स्वतःच विषय काढला, “बसवून घ्या नं परत.” साडू नेहमीच्या संथपणे म्हणाले, “पाहू.” आणि मग एके दिवशी सगळं देऊन टाकलं. अकोटजवळ फुलांचे मळे असलेल्या एका बागायतदारांची मुलगी अकोल्याला बँकेत नोकरीला आहे, रोज जाऊन-येऊन करते. तिची गाडी याच बनावटीची, रंग लाल. तिलाही वळणांचं असंच वेड आहे असं उस्तादने सांगितलं, तेव्हा साडूंनी तिची गाडी एकदा चालवून पाहिली, तिला दोन रविवार शेजारी बसवून अकोट रस्त्याची वळणं शिकवली, आणि उस्तादला म्हणाले, बसव.

गेल्या महिन्यात आम्ही अकोटला एका साखरपुड्याला निघालो होतो. साडू चालवत होते, ताई पुढे, मी आणि ही मागे. सकाळची वेळ, दोन्हीकडे हरभरा. समोरून वळणात एक लाल गाडी आली. जराही कलली नाही, एका रेघेत आली, शेजारून जाताना हॉर्नचा एक छोटा आवाज केला आणि निघून गेली. साडूंनी सावकाश, अगदी सावकाश, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मग सीटवर पूर्ण वळून मागच्या काचेतून बघायला लागले. मध्ये माझं डोकं येत होतं.

“भाऊजी,” ताई म्हणाली, “जरा डोकं खाली घ्या.”

मी वाकलो. ही पण वाकली. लाल गाडी दुसऱ्या वळणापर्यंत गेली, वळली आणि दिसेनाशी झाली, तरी साडू बघत होते. शेवटी म्हणाले, “मागचं डावं चाक जरासं हलकं वाटून राहिलं. उस्तादले सांगा लागते.”

“सांगा,” ताई म्हणाली.

साडूंनी गिअर टाकला नाही. आम्ही दोघं आपले तसेच वाकून बसलो होतो.